रॉकेट लीग पुन्हा पुन्हा अडखळतंय? आधी ते केव्हा अडखळतं ते लिहून काढा

गाडी हवेत आहे, चेंडू समोर आहे, फ्लिप वेळेवर मारला, चेंडूला लागल्याचं डोळ्यांनी पाहिलं. आणि पुढच्याच क्षणी चेंडू आपल्याच गोलकडे निघालेला दिसतो. किंवा किकऑफला गाडी सुटते, मध्येच चित्र थिजतं आणि पुन्हा हलतं तेव्हा समोरचा बूस्ट (गाडीचा वेग वाढवणारं इंधन) घेऊन पसार झालेला असतो. रॉकेट लीग, म्हणजे गाड्यांनी फुटबॉल खेळायचा ऑनलाइन गेम, खेळणाऱ्या बहुतेकांनी हे सोसलंय, आणि त्यावरचे नेहमीचे उपायही करून पाहिलेत: ग्राफिक्स सगळं खाली आणायचं, गेम काढून पुन्हा टाकायचा, राउटर बंद करून चालू करायचा, ५० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करून घ्यायचा. दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच.

परत येतं, कारण दोष सापडलेलाच नसतो. राउटर बंद-चालू केल्यावर दोन दिवस गेम नीट चालला, तो कदाचित त्या दोन रात्री घरात कुणाच्या फोनचा बॅकअप चालू नव्हता म्हणून. त्यामुळे माझं आग्रहाचं सांगणं एकच: एकाही सेटिंगला हात लावण्याआधी चार-पाच दिवस नोंद ठेवा. किती वाजता अडखळलं, खेळायला बसल्यापासून किती वेळाने, गोल झाल्यावर की चालू खेळात, ठरावीक अंतराने की कसंही. लॅपटॉप तापल्यामुळे येणारा अडथळा अर्ध्या तासाने येतो, पहिल्या मिनिटाला येत नाही. शेजारपाजारच्या गर्दीमुळे येणारा रात्री नऊला येतो, पहाटे सहाला येत नाही. वाय-फायच्या कार्डाचा बहुतेकदा ठरलेल्या अंतराने येतो. वेळ कळली की शोधायची जागा एकदम लहान होते.

पहिली चाचणी: फ्री प्ले

ट्रेनिंगमधला फ्री प्ले उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं गाडी मनसोक्त पळवा. फ्री प्ले पूर्णपणे तुमच्याच यंत्रावर चालतो, सर्व्हरचा त्याच्याशी काही संबंध नसतो. तिथेही चित्र अडखळत असेल तर तुमच्या इंटरनेटवाल्याला फोन करून उपयोग नाही, दोष पीसीचा, लॅपटॉपचा किंवा कन्सोलचा आहे.

फ्री प्लेमध्ये लोण्यासारखं चाललं तर लगेच नेटला दोष देऊ नका. फ्री प्लेमध्ये एकच गाडी असते, सामन्यात सहा असतात, त्यांचे बूस्टचे फवारे असतात, गोलचे स्फोट असतात. म्हणून दुसरी पायरी: बॉट्सबरोबर ऑफलाइन एक्झिबिशन सामना, तीन विरुद्ध तीन. यंत्रावर भार जवळपास खऱ्या सामन्याएवढा, पण नेट नाही. हाही नीट चालला आणि ऑनलाइनच बिघडलं, तरच नेटच्या मागे लागा. या दोन चाचण्या अर्ध्या तासात होतात आणि अर्धा शोध तिथेच संपतो. दोन्ही दोष एकदम असू शकतात, हेही ध्यानात ठेवा. एक दुरुस्त केला तरी दुसरा तसाच राहतो, आणि ‘काहीच फरक पडला नाही’ असं वाटून माणूस बरोबर केलेला उपायही मागे घेतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला.

गेमच्या आत काय चाललेलं असतं

हे थोडं समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. रॉकेट लीगमध्ये गाड्या आणि चेंडू यांचं भौतिकशास्त्र सेकंदाला १२० वेळा मोजलं जातं, म्हणजे साधारण दर ८.३ मिलिसेकंदांनी एक पाऊल. शेवटचा शब्द सर्व्हरचा असतो. पण सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत तुमची गाडी थांबून राहिली तर खेळणंच अशक्य होईल, म्हणून तुमचं यंत्र स्वतःच अंदाज बांधून गाडी, चेंडू आणि इतरांच्या गाड्या पुढे नेत राहतं. सर्व्हरचं उत्तर आलं आणि अंदाज चुकला असेल तर चित्र दुरुस्त होतं. हा गेम बनवणाऱ्या सायऑनिक्सचे अभियंता जॅरेड कोन यांनी गेम बनवणाऱ्यांच्या २०१८ च्या जीडीसी परिषदेत हे सगळं तपशिलात मांडलं होतं.

चेंडूला लागलं असं दिसलं आणि चेंडू भलतीकडे गेला, तो याच दुरुस्तीमुळे. तुमच्या यंत्राने समोरच्याची गाडी सरळ जाईल असं धरलं होतं. त्याने तोवर वळण घेतलं होतं, आणि ती बातमी तुमच्यापर्यंत उशिरा पोचली.

उलट दिशेनेही तेच. तुमची बटणं सर्व्हरपर्यंत सारख्या अंतराने पोचायला हवीत. सर्व्हर ती एका छोट्या बफरमध्ये साठवून दर पावलाला एक याप्रमाणे वापरतो. बटणांचे पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) वेळेवर आले नाहीत तर बफर रिकामा पडतो आणि मागचंच बटण पुढे चालू राहतं. तुम्ही वळण सोडलेलं असतं, गाडी वळतच राहते.

यावरून एक गोष्ट उघड होते, आणि मला वाटतं तीच सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असते: एकसारखा ८० मिलिसेकंदांचा पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) चालतो, पण ३० वरून १२० वर आणि परत ३० वर नाचणारा पिंग चालत नाही. स्थिर ८० ला अंदाज जमतो, हातालाही सवय होते. नाचणाऱ्या पिंगला ना यंत्राची सवय होते ना हाताची. या नाचण्याला जिटर म्हणतात. स्पीड टेस्टचा मोठा आकडा याबद्दल काहीच सांगत नाही. सामन्याला लागणारा डेटा इतका थोडा असतो की ५ एमबीपीएसची लाइनही पुरते. त्यामुळे प्लॅन वाढवणं हा उपाय जवळजवळ कधीच नसतो.

गेम स्वतः तुम्हाला बरंच सांगतो. सेटिंग्जमध्ये कनेक्शनच्या दर्जाच्या खुणा चालू ठेवा. पॅकेट गळत असतील, पिंग नाचत असेल किंवा फार वाढला असेल तर वेगवेगळी खूण पडद्यावर येते. त्याच्याच बरोबरीने परफॉर्मन्स ग्राफही दाखवता येतो. चित्र अडखळलं त्या क्षणी यातली एकही खूण आली नाही आणि फ्रेमचा आलेख मात्र उसळला, तर यंत्र. खूण आली आणि फ्रेमचा आलेख सरळ राहिला, तर नेट. स्कोअरबोर्ड उघडून इतरांचे पिंगही बघा: सगळ्यांचेच एकदम उसळले असतील तर दोष सर्व्हरकडे आहे आणि घरात शोधून काही सापडणार नाही.

दोष यंत्राचा निघाला तर

सरासरी एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेमच्या आकड्यावर, विसंबू नका. ६० एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, १४४ ला ६.९. सेकंदातल्या बाकीच्या फ्रेम वेळेवर आल्या आणि एकच ८० मिलिसेकंद रेंगाळली, तरी सरासरी छान दिसते आणि डोळ्याला झटका बसतो. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये फ्रेम टाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख लावा, झटका तिथे सुळक्यासारखा दिसतो.

खेळायला बसल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी अडखळायला लागतं? तर उष्णता. लॅपटॉपचा प्रोसेसर ९५-१०० अंशांपर्यंत गेला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि मग सगळंच जड होतं. अकोला, चंद्रपूर, नागपूरच्या मे महिन्यात खोलीचंच तापमान इतकं असतं की पंख्याला थंड हवा मिळतच नाही. हा दोष मोसमी असतो, म्हणून फसवतो; जानेवारीत उत्तम चालणारा लॅपटॉप एप्रिलमध्ये ‘बिघडतो’. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान आणि प्रोसेसरचा वेग बघत खेळा. तापमान चढलं, वेग पडला आणि त्याच वेळी गेम अडखळला, म्हणजे चोर सापडला. पंख्यातली धूळ साफ करून घ्या, दोन-तीन वर्षांत थर्मल पेस्ट बदलली नसेल तर बदला, लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, मागची बाजू उचलून ठेवा. आणि एफपीएसला मर्यादा घाला. मर्यादा नसेल तर गेम मेनूमध्ये आणि गॅरेजमध्येसुद्धा शेकडो फ्रेम काढत बसतो आणि सामना सुरू होण्याआधीच लॅपटॉप तापलेला असतो. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर १२० ची मर्यादा पुरेशी आहे. फ्रीसिंक किंवा जीसिंकचा, म्हणजे गेमच्या फ्रेमनुसार आपली गती बदलणारा, मॉनिटर असेल तर मर्यादा त्याच्या हर्ट्झपेक्षा तीन-चारने कमी ठेवा. चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही.

पहिल्या एक-दोन सामन्यांतच अडखळतं आणि मग सुधारतं, तेही ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केल्यानंतर: हे शेडर (ग्राफिक्स कार्डाने चित्र रंगवण्याचे छोटे प्रोग्रॅम) नव्याने तयार होण्याचं काम आहे. दोन-चार सामने होऊ द्या. लगेच सेटिंग बदलत बसलात तर नेमकं कशाने बरं झालं ते कळणार नाही.

गोल झाल्यावर, रिप्लेला किंवा नवा खेळाडू आल्यावरच झटका बसतो तेव्हा बहुधा डिस्क. गेम जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवा. दुसरी गोष्ट, पार्श्वभूमीत चाललेली कामं: वनड्राइव्ह, विंडोजचं अपडेट, अँटिव्हायरसचं स्कॅन, एक्सबॉक्स गेम बारचं पार्श्वभूमीतलं रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग नको असेल तर ते बंदच करा.

आणि कायम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत जडपणा असेल तर मेमरी तपासा. आपल्याकडे मध्यम किमतीचे पुष्कळ लॅपटॉप ८ जीबीची एकच पट्टी घालून विकले जातात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्र काढण्यासाठी हीच मेमरी वापरली जाते, आणि एका पट्टीवर तिची रुंदी निम्मी असते. रिकामी जागा असेल तर त्याच वेगाची दुसरी पट्टी बसवा. अशा लॅपटॉपवर एवढ्या पैशात एवढा फरक देणारा दुसरा बदल मला माहीत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं.

गेमच्या सेटिंगची फाइल बदलण्याचे उपाय फिरत असतात, ‘वन फ्रेम थ्रेड लॅग’ बंद करा वगैरे. त्याने बटणाचा प्रतिसाद किंचित लवकर मिळतो हे खरं, पण प्रोसेसर कमजोर असेल तर फ्रेम कमी होतात आणि अडखळणं वाढतं. आधीच झटके बसणाऱ्या यंत्रावर हा बदल करू नका. व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या गतीशी जुळवणारं सेटिंग) मात्र बंद ठेवा, त्याने बटण आणि पडदा यांत उशीर वाढतो.

टीव्हीवर कन्सोल खेळणाऱ्यांनी टीव्हीचा गेम मोड चालू आहे का ते आधी पाहावं. चित्र ‘सुंदर’ करण्यासाठी टीव्ही जी प्रक्रिया करतो तिच्यात बराच वेळ जातो, आणि तो उशीर हुबेहूब लॅगसारखा वाटतो.

घरातलं वाय-फाय

ऑनलाइनच बिघडत असेल तर पुढचा प्रश्न: घरात की घराबाहेर? यासाठी पैसे लागत नाहीत. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत आपल्या राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ ला, सतत पिंग लावा (आज्ञा अशी: ping 192.168.1.1 -t, शेवटी ‘-t’ जोडलं की ती थांबत नाही). दुसरीत बाहेरच्या इंटरनेटवरच्या १.१.१.१ किंवा ८.८.८.८ या पत्त्याला. दोन्ही चालू ठेवून सामना खेळा. अडखळलं की सामना संपल्यावर आकडे बघा.

राउटरचं उत्तर १ ते ३ मिलिसेकंदांत यायला हवं. तिथेच ८०, २०० असे आकडे दिसले तर दोष तुमच्या यंत्रापासून राउटरपर्यंतच्या काही फुटांत आहे. इंटरनेटवाला बदललात तरी तो राहील.

वायर टाका. इतर कुठलाही उपाय याच्या जवळपास येत नाही. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची केबल भिंतीच्या कडेने नेता येते, दाराखालून जाणारी चपटी केबल मिळते. भाड्याच्या घरात भोक पाडता येत नाही ही अडचण खरी आहे, पण चिकटपट्टीच्या क्लिपांनी बरंच काम होतं.

वायर शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर जा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना न धडकणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. मुंबई-पुण्यातल्या सोसायटीत भोवतालच्या वीस-तीस घरांचे राउटर या तिनांतच कोंबलेले असतात, वर मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झ भिंतीतून कमी जातं, म्हणून राउटर खोलीतच किंवा दारातून दिसेल असा असावा. ब्लूटूथने जोडलेला कंट्रोलर आणि २.४ चं वाय-फाय एकाच लॅपटॉपवर असेल तर दोघे एकमेकांच्या आड येतात. कंट्रोलरला यूएसबी वायर लावून बघा.

ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखा झटका येत असेल तर लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड आसपासची नेटवर्क शोधत असण्याची शक्यता मोठी आहे. शोधताना ते क्षणभर दुसऱ्या चॅनलवर जातं, आणि तेवढ्या वेळात तुमचे पॅकेट अडकतात. वाय-फायचा ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीकडून घ्या, विंडोजमधलं लोकेशन बंद करून बघा, आणि कार्डाच्या गुणधर्मांत रोमिंग ॲग्रेसिव्हनेस (दुसरं नेटवर्क शोधण्याची घाई) असेल तर ती सर्वात कमी ठेवा.

फोनच्या हॉटस्पॉटवर खेळत असाल तर निदान हॉटस्पॉटच्या वाय-फायऐवजी यूएसबी टेदरिंग वापरा, म्हणजे फोन वायरने जोडून त्याचं नेट घ्या. एक टप्पा वाचतो. बाकी मोबाइल नेटवर्कचा जिटर तुमच्या हातात नाही. खिडकीजवळ फोन ठेवण्यापलीकडे फार काही करता येत नाही.

संध्याकाळी आठ ते अकरा

मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते याच वेळेबद्दल. दुपारी पिंग २५, रात्री नऊला तोच १५० च्या वर नाचतो. राउटरचा पिंग स्वच्छ, बाहेरचा खराब. इथे दोन वेगळी कारणं असतात आणि त्यांचे उपायही वेगळे.

पहिलं घरातलंच. संध्याकाळी सगळे घरी येतात, फोन वाय-फायला जोडले जातात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढायला लागतात. दारातला सीसीटीव्ही कॅमेरा क्लाउडवर चित्र पाठवत असतोच. अपलोडची वाट भरली की राउटर किंवा मोडेम जास्तीचे पॅकेट टाकून देत नाही, तो त्यांना रांगेत उभं करतो, आणि ही रांग खूप लांब होऊ देतो. तुमच्या गाडीची इवलीशी बटणं त्या रांगेच्या शेवटी लागतात, टोलनाक्यावर ट्रकांच्या मागे अडकलेल्या रुग्णवाहिकेसारखी. याला बफरब्लोट म्हणतात. एकही पॅकेट हरवत नाही, स्पीड टेस्ट उत्तम येते, आणि तरी खेळणं अशक्य होतं.

तपासणं सोपं आहे. १.१.१.१ चा पिंग चालू ठेवा आणि फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा. चढवणं सुरू होताच पिंग १० वरून २००-३०० वर गेला आणि थांबवताच परत आला, तर निदान पक्कं.

साधा उपाय म्हणजे बॅकअपची वेळ बदलणं: फोन रात्री चार्जिंगला लागल्यावरच बॅकअप घेईल असं करा, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मेमरी कार्डावर घ्या किंवा क्लाउडवर जाणाऱ्या चित्राचा दर्जा कमी करा. घरच्यांना ‘मी खेळतोय, नेट वापरू नका’ असं सांगायची वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून पक्का उपायही सांगतो. राउटरमध्ये एसक्यूएम नावाची सोय असावी. ती रांग छोटी ठेवते आणि प्रत्येकाला आळीपाळीने पुढे सोडते. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायची मोफत प्रणाली) चालणाऱ्या राउटरवर ‘केक’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ या पद्धती मिळतात. डाउनलोड आणि अपलोड दोन्ही, मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्क्यांवर बांधा. थोडा वेग सोडावा लागतो. बदल्यात रांग मोडेमऐवजी तुमच्या राउटरच्या ताब्यात येते. अपलोड चालू असतानाही पिंग जागचा हलत नाही. इंटरनेटवाल्याने दिलेल्या डब्यात ही सोय सहसा नसते, म्हणून तो ब्रिज मोडवर (डबा फक्त लाइन पुढे देतो, राउटरचं काम करत नाही) टाकून घेऊन त्यामागे आपला राउटर लावावा लागतो. ब्रिज मोड करून देण्यासाठी ग्राहक सेवेला सांगावं लागतं. काही जण देतात, काही जण टाळतात, नेटाने मागा.

दुसरं कारण बाहेरचं. घरातले सगळे फोन वाय-फायवरून काढा, लॅपटॉप थेट वायरने जोडा, रात्री नऊला मोजा आणि पहाटे पुन्हा मोजा. तरीही नऊचा आकडा खराब असेल तर गर्दी पुढे आहे. घरोघरी येणाऱ्या फायबरमध्ये बहुतेक ठिकाणी जीपीओएन पद्धत असते: एका मुख्य धाग्यावर डाउनलोडला सुमारे २.५ जीबीपीएस आणि अपलोडला सुमारे १.२५ जीबीपीएस, आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलेलं. त्यापुढे त्या कंपनीची स्वतःची मुख्य लाइन. आयपीएलच्या संध्याकाळी साडेसातनंतर सगळी इमारत एकाच वेळी सामना बघते तेव्हा ही वाटणी अपुरी पडू शकते. यावर तुमच्या घरात उपाय नाही. तक्रार करा, आणि ती ऐकली गेली नाही तर त्याच इमारतीत दुसरा कोण चांगला चालतो ते शेजाऱ्यांना विचारा, तेही रात्री नऊचा पिंग मोजून. जाहिरातीतल्या वेगावर जाऊ नका.

लाइनचा माणूस घरी येतो तेव्हा

‘नेट स्लो आहे’ असं म्हटलं की तो स्पीड टेस्ट करून दाखवतो आणि निघून जातो. त्याला रात्री नऊ आणि पहाटे सहाच्या पिंगची चित्रं दाखवा, दोन्ही खिडक्यांसकट. राउटरपर्यंत सगळं ठीक आहे हे त्यात दिसतं, त्यामुळे ‘तुमचा लॅपटॉप बघा’ हे उत्तर उरत नाही.

शिवाय फायबरच्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर नावाचा आकडा असतो, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएम या एककात. तो उणे असतो. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर छान. उणे २७ च्या आसपास किंवा त्याहून खाली गेला की प्रकाश इतका मंद पडतो की चुका वाढतात आणि पॅकेट गळायला लागतात. टेबलामागे फायबर कोनात मुडपलेली असते, जोडाच्या पेटीत पावसाचं पाणी शिरलेलं असतं, कधी उंदराने कुरतडलेली असते. जूनमध्ये सुरू झालेली आणि पाऊस उघडला की कमी होणारी पॅकेटची गळती असेल तर याकडे आधी बघा. हा आकडा सांगून बोललात की समोरचा माणूसही कामाला लागतो, कारण ती त्याच्याच कामाची भाषा असते.

दिवे एक क्षण जाऊन येतात त्या भागात आणखी एक गोष्ट. इन्व्हर्टर चालू होण्याच्या निमिषात फायबरचा डबा आणि राउटर पुन्हा सुरू होतात आणि सामना तुटतो. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस हे थांबवतो. घेताना आपल्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

अंतर

काचेच्या धाग्यात प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद, आणि केबल सरळ जात नाही म्हणून प्रत्यक्षात जास्तच. मुंबई ते फ्रँकफर्ट सुमारे ६,६०० किलोमीटर. किमान ६६, प्रत्यक्षात शंभराच्या वर. कुठलंही सेटिंग हे कमी करू शकत नाही. म्हणून मॅच शोधताना सर्व्हरचे प्रदेश स्वतः निवडा, जवळचे एक-दोनच ठेवा. आपोआप निवडीवर सोडलं तर कधी कधी लांबचा सर्व्हर पदरी पडतो, आणि ‘एक सामना छान, एक वाईट’ हे चक्र सुरू होतं. नोंदवहीत सर्व्हरचा प्रदेशही लिहा, हे चक्र लगेच दिसेल. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या भावंडाबरोबर पार्टी करून खेळत असाल तर कुणाला तरी जास्त पिंग सोसावा लागणारच. अशा वेळी रँक्ड (हार-जितीवर रँक ठरणारे सामने) न खेळता कॅज्युअल खेळा.

युरोपच्या बाजूचा पिंग एका दिवसात खूप वाढला आणि आठवडे तसाच राहिला, तर बातम्या बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या वाहतुकीला लांबचे रस्ते घ्यावे लागले. दुरुस्ती जहाज पाठवून होते, तिला वेळ लागतो. तोवर पूर्वेकडचे सर्व्हर वापरा.

‘गेमिंग व्हीपीएन’ (तुमचे पॅकेट दुसऱ्या रस्त्याने नेणारी सेवा) एकाच परिस्थितीत उपयोगी पडतो: तुमची कंपनी सिंगापूरला जाणारे पॅकेट उगाच लांबून फिरवत असेल तेव्हा. ट्रेसरूट (पॅकेट कुठून कुठून जातात ते दाखवणारी आज्ञा) करून बघा. वाटेत मध्येच आकडा १५० च्या पुढे उडी मारून तिथेच राहिला तर रस्ता वाकडा आहे. मोफत चाचणीच्या काळात फरक पडला तरच पैसे द्या. वाय-फायच्या किंवा बफरब्लोटच्या दोषावर व्हीपीएन काहीही करत नाही.

दुसरे खेळ खेळणाऱ्यांसाठी

फोनवर ईफुटबॉल खेळणाऱ्यांना यातलं वाय-फायचं आणि संध्याकाळचं सगळं जसंच्या तसं लागू आहे. फरक एवढाच की तिथे दोन खेळाडू एकमेकांना थेट जोडले जातात, मधे सामना चालवणारा सर्व्हर नसतो. त्यामुळे समोरच्याचं कनेक्शन खराब असेल तर तुमचं कितीही चांगलं असून सामना चिखलात खेळल्यासारखा होतो. सामना सुरू होण्याआधी कनेक्शनच्या दांड्या दिसतात, त्या कमी असतील तर पुढे जाऊ नका. तिथे इंटरनेट कंपनीचं सीजी-नॅटही (अनेक ग्राहकांना मिळून एकच आयपी पत्ता देण्याची पद्धत) जास्त आड येतं. कंपनीकडून स्वतंत्र पब्लिक आयपी मागता येतो, त्याचे वेगळे पैसे पडतात. रॉकेट लीगला त्याची गरज नसते.

सर्व्हरचाच दोष असेल, म्हणजे स्कोअरबोर्डवर सगळ्यांचे पिंग एकदम उसळत असतील, तर रॉकेट लीगची मालक कंपनी एपिक हिचं सेवा-स्थितीचं पान बघा आणि त्या रात्री रँक्ड बंद ठेवा. मधेच सामना सोडला की बंदी लागते, आणि खेळत राहिलं तर रँक जातो.